शून्य टक्क्यांसाठी अर्ज करावा का?

ताई, नमस्कार. नाव-गाव छापू नका. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझा नवरा मूळचा सातारा जिल्ह्यातला. एमएस करायला अमेरिकेत आला आणि परदेशी नागरिकांना सैन्यात घेणाऱ्या मावनी योजनेतून इथल्या आर्मीत भरती झाला. अफगाणिस्तानात एक फेरी झाली. तिथे गाडीखाली स्फोट झाला, जीव वाचला, कंबर कायमची दुखावली. २०१५ साली बाहेर पडला. पीटीएसडीचे, म्हणजे युद्धाच्या धक्क्यातून जडलेल्या मानसिक आजाराचे, ५० टक्के आणि कमरेचे २० टक्के मिळून व्हीएने, म्हणजे इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने, त्याला अपंगत्वाचं ६० टक्के रेटिंग दिलंय; त्यावर महिन्याची भरपाई ठरते. पीटीएसडीवरची सर्ट्रालिन ही गोळी बरीच वर्षं चालू आहे, झोपेत किंचाळत उठायचा म्हणून रात्री प्राझोसिन.

लिहायला लाज वाटते, पण आमच्यात नवरा-बायकोचं नातं आता उरलेलं नाही. त्याला ताठरता येत नाही. सुरुवातीला प्रयत्न करायचा, मग चिडायचा, आता हॉलमध्ये सोफ्यावरच झोपतो. मध्यंतरी म्हणाला, "तू दुसरं लग्न कर, माझा काही उपयोग नाही." मी ३६ वर्षांची आहे, मला मूल हवंय. सासूबाईंना वाटतं दोष माझ्यात आहे. त्या गावाकडच्या वैद्याच्या पुड्या पाठवतात, "दोघांनी घ्या" म्हणून.

त्याच्या युनिटमधल्या मित्राच्या बायकोने सांगितलं, की याचाही व्हीएकडे क्लेम करता येतो, पण टक्के मात्र शून्यच मिळतात. नवऱ्याजवळ विषय काढला तर म्हणाला, "शून्य टक्क्यांसाठी मी माझी अब्रू कागदावर मांडू? आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांनी असलं काही मागितलं असतं का?" त्याचा व्हीएचा लॉगिन माझ्याकडे आहे. मीच अर्ज भरून टाकू का? पुढच्या महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत, आणि घरात टपाल त्याच उघडतात.

*

तुझा तो लॉगिनचा प्रश्न आधी घेते. नाही, त्याच्या नावाने अर्ज भरू नकोस. एक तर त्या अर्जाखाली माहिती खरी असल्याची त्याची स्वतःची सही लागते आणि ती तू करायची नसते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अर्ज गेला की काही आठवड्यांत तपासणीची वेळ ठरवायला फोन येतो आणि तो फोन त्याला येईल. आपल्या अंथरुणातली गोष्ट बायकोने सरकारला कळवली, हे त्याला एका अनोळखी माणसाकडून कळेल. "माझा काही उपयोग नाही" असं आधीच म्हणणाऱ्या माणसाला हा धक्का देऊ नकोस.

आणि ते वाक्य रागात बोलला असेल म्हणून सोडून देऊ नकोस. पीटीएसडी, झोप नाही, वेगळं अंथरूण, त्यात असं बोलणं. त्याला शांतपणे, सरळ विचार, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार मनात भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. उत्तर हो आलं, किंवा तुला नुसती शंका आली, तरी ९८८ ला फोन करून १ दाबायचं. ती माजी सैनिकांसाठीची चोवीस तासांची लाइन आहे, घरच्यांनी केला तरी चालतो. घरात बंदूक असेल तर सध्या ती त्याच्या एखाद्या विश्वासू मित्राकडे ठेवायला सांग. टेक्सासमध्ये राहतेस म्हणून हे मुद्दाम लिहितेय. बाकीचं सगळं याच्यानंतर.

आता शून्य टक्के. तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. व्हीएच्या रेटिंगच्या नियमांत या त्रासाला ७५२२ हा कोड आहे. पूर्वी या कोडखाली २० टक्के मिळायचे, पण त्यासाठी ताठरता जाणं आणि अवयवात प्रत्यक्ष विकृती येणं, दोन्ही लागायचं. १४ नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला. आता विकृती असो वा नसो, या कोडखाली शून्य टक्केच मिळतात. पण त्याच ठिकाणी तळटीप आहे, की असा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने 'स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन', म्हणजे दरमहाची खास भरपाई, लागू होते का तेही तपासावं. त्यातला 'के' नावाचा जो प्रकार आहे, त्याला माजी सैनिक एसएमसी-के म्हणतात. कायद्याच्या ज्या कलमात एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गमावल्याबद्दल ही वेगळी रक्कम द्यायची तरतूद आहे, त्याच कलमात जननेंद्रिय गमावणं किंवा त्याचा वापर गमावणं हेही लिहिलेलं आहे. २०२५ च्या दराने ती महिन्याला १३६.०६ डॉलर होती आणि महागाईप्रमाणे दर डिसेंबरला बदलते. तिच्यावर आयकर नाही. ती त्याच्या ६० टक्क्यांमध्ये मिसळत नाही, त्यांच्यावर वेगळी मिळते.

म्हणजे तो 'शून्य' नकार नाही. या त्रासाचं मूळ सैनिकी सेवेत आहे हे व्हीएने मान्य केलं, एवढा त्याचा अर्थ. रक्कम फार मोठी नाही, हे मलाही दिसतं. पण एकदा सेवेशी नातं मान्य झालं की त्यावरच्या उपचारांची जबाबदारी व्हीएवर येते. आणि तुझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मुलाची, ती याच मान्यतेवर अवलंबून आहे. त्याकडे येतेच.

नातं जोडायचं कसं? हा त्रास युनिफॉर्ममध्ये असताना सुरू झाला हे त्याला सिद्ध करावं लागत नाही. आधीच मान्य झालेल्या आजारातून दुसरा आजार उद्भवला तर तोही सेवेचाच धरतात, व्हीएच्या भाषेत 'सेकंडरी'. तुझ्या नवऱ्याकडे असे तीन धागे आहेत. पहिला पीटीएसडी: सतत सावध राहणारं शरीर प्रणयात सैलावत नाही, त्याचा मेंदू त्याला सैलावू देत नाही. दुसरा सर्ट्रालिन: या गटातली औषधं कामेच्छा, ताठरता आणि वीर्यस्खलन तिन्हींवर परिणाम करतात. ही कुणाची अटकळ नाही, औषधासोबतच्या माहितीपत्रकातच हे छापलेलं असतं. तिसरा कंबर: स्फोटात मणक्याच्या खालच्या भागातल्या नसा दबल्या असतील तर त्याचाही वाटा असू शकतो, पण ते तपासणीत दिसावं लागेल. अर्जात पीटीएसडी आणि त्यावरची औषधं दोन्हींचा उल्लेख हवा. बरेच जण फक्त पीटीएसडी लिहितात, तपासणारा डॉक्टर तेवढ्याच प्रश्नाला उत्तर देतो आणि औषधांचा सरळसोट मुद्दा बाजूलाच राहतो. आजाराने त्रास निर्माण केला नसेल, पण आधीचा थोडा त्रास वाढवला असेल, तरी तो धरला जातो. तपासणाऱ्या डॉक्टरला हेही विचारलं जावं असं अर्जात लिहावं.

पुरावा किती भक्कम लागतो, याबद्दल लोकांच्या मनात कोर्टाचं चित्र असतं. तसं नाही. शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त असली की पुरे. दोन्ही बाजू समसमान वाटल्या तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, असं कायदाच सांगतो. म्हणून डॉक्टरच्या पत्रात 'असू शकतं', 'नाकारता येत नाही' असली भाषा असेल तर ते कुचकामी ठरतं. पत्रात 'मी याची औषधांची नोंद पाहिली आहे, अमुक साली औषध सुरू झालं, तक्रार त्यानंतर सुरू झाली, आणि माझ्या मते ही तक्रार त्या औषधामुळे असण्याची शक्यता निदान ५० टक्के आहे, कारण अमुक', असं स्पष्ट यायला हवं. 'कारण अमुक' हे दोन शब्द सगळ्यात जड. त्याचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्ट, व्हीएतले असोत वा बाहेरचे, असं लिहू शकतात. कुणी लिहून दिलं नाही तरी अर्ज अडत नाही, व्हीए स्वतःच्या खर्चाने तपासणी करून मत घेते.

त्याच्या जुन्या नोंदी मात्र आधी बघायला सांग. व्हीएच्या डॉक्टरला त्याने ही तक्रार कधी सांगितली आहे का? माझा अंदाज, सांगितलेली नसणार. दर भेटीत "बाकी सगळं ठीक" एवढंच म्हणाला असेल. तसं असेल तर अर्जाच्याही आधी प्रायमरी केअर डॉक्टरची वेळ घ्या आणि ही एकच तक्रार घेऊन जा. तोंडाने बोलणं जमत नसेल तर व्हीएच्या पोर्टलवरून डॉक्टरला निरोप पाठवता येतो, तोही नोंदीत राहतो. दोन ओळी पुरतात: "हे औषध सुरू झाल्यापासून मला ताठरता येत नाही किंवा टिकत नाही. याबद्दल तपासणी हवी आहे." अनेक पुरुषांना हे बोलण्यापेक्षा टाइप करणं सोपं जातं.

यात तुझं काम काय, तर तुझं निवेदन. त्यासाठी २१-१०२१० नंबरचा फॉर्म आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, अनुभवलेलं सांगायला डॉक्टर असावं लागत नाही, आणि या विषयात बायकोइतका जवळचा साक्षीदार दुसरा कोण? पण निदान करायला जाऊ नकोस. काय होतं, केव्हापासून आणि किती वेळा, एवढंच लिही. साधारण असं:

"आमचं लग्न झालं तेव्हा आमचा शरीरसंबंध नियमित होता आणि माझ्या पतींना ताठरतेची अडचण नव्हती. सर्ट्रालिनचा डोस वाढवल्यानंतर काही महिन्यांत फरक दिसू लागला. आधी ताठरता येऊन टिकायची नाही, नंतर येईनाशी झाली. गेल्या वर्षभरात संबंध पूर्ण होऊ शकलेला नाही. ते प्रयत्न टाळू लागले आणि वेगळे झोपू लागले. ताठरतेसाठीच्या गोळीशिवाय त्यांना ताठरता आल्याचं मी या काळात पाहिलेलं नाही."

यात रडगाणं नाही, शिवी नाही, अतिशयोक्ती नाही. आपली खरी वर्षं, खरे महिने घाल, आणि जे नक्की आठवत नाही ते 'सुमारे' म्हणून लिही. हे इंग्रजीत द्यावं लागेल, पण आधी मराठीत लिहून काढ. परक्या भाषेत आपण असल्या गोष्टी एकतर गुळमुळीत लिहितो, नाहीतर नको तेवढ्या उघड्या. आणि लिहिलेलं पाठवण्याआधी त्याला वाचायला दे. कदाचित त्याला पहिल्यांदाच कळेल, की तू हे दोष म्हणून बघत नाहीस.

तपासणीची त्याला सगळ्यात जास्त धास्ती असेल. कपडे उतरवून एखाद्या खोलीत उभं राहायचं, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर असणार. या आजाराच्या तपासणीचा ठरलेला छापील नमुना असतो, त्याला डीबीक्यू म्हणतात. अवयवाची रचना नॉर्मल आहे असं सैनिकाने सांगितलं आणि शारीरिक तपासणी नको म्हटलं, तर तशी नोंद करायची सोयच त्या नमुन्यात आहे. मुख्य भाग प्रश्नोत्तरांचा असतो. गोळीशिवाय संबंधापुरती ताठरता येते का? गोळी घेऊन येते का? कारण काय असावं? इथे फौजी माणसं हमखास चुकतात. गोळी घेतली की कधीकधी जमतं, म्हणून "आता ठीक आहे" म्हणून मोकळी होतात. दोन्ही वेगवेगळं सांगायचं: गोळीशिवाय काय होतं आणि गोळीने काय होतं. वाढवून सांगू नये, आणि शूरपणाने झाकूनही ठेवू नये. पुरुष डॉक्टर हवा असेल तर वेळ ठरवणारा फोन येईल तेव्हाच तशी विनंती करावी.

त्याच्या आजोबांविषयी. मला त्या वाक्याचा राग आला नाही, त्यामागची माया कळली. साताऱ्याकडच्या काही गावांत घरटी एक फौजी असतो, तिथे असल्या दुखण्याचं नाव घेणंसुद्धा नामर्दपणाचं वाटतं. पण सैनिकाने सेवेतल्या दुखण्याचा हिशेब मागायचा नसतो, ही आपल्या फौजेचीही रीत नाही. भारतीय लष्करातही सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या अपंगत्वासाठी पेन्शन आहे. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेमुळेच आला असं सर्वसाधारणपणे धरायचं, आणि संशयाचा फायदा जवानाला द्यायचा. त्या जवानाला फिट्स येत होत्या, आणि तो आपल्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सगळं त्याला असंच सांग. (भारतातल्या वाचकांनी मात्र वरचे अमेरिकेचे नियम आपल्याकडे लावू नयेत. आपली पद्धत वेगळी आहे, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.)

आणि तो या रांगेतला पहिला माणूसही नाही. व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंज हे झाडंझुडपं मारणारं विषारी रसायन फवारलेल्या भागात राहिलेल्या सैनिकांचा मधुमेह आणि प्रोस्टेटचा कर्करोग व्हीए सेवेतलेच आजार मानते, आणि त्या आजारांमागून येणाऱ्या या त्रासाचे अर्ज ती पिढी किती तरी वर्षं करते आहे. विषारी पदार्थांशी संपर्क आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याने एजंट ऑरेंजच्या आजारांच्या यादीत रक्तदाबाचीही भर पडली. व्हीएच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसासाठी हा रोजचा कागद आहे. आपल्याला वाटतं सगळं जग आपल्याकडेच बघतंय.

आता एक सक्त सूचना. क्लेमसाठी पुरावा हवा म्हणून, किंवा मूल हवं म्हणून, त्याने सर्ट्रालिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं आणि जुना त्रास उसळून येणं, हे सगळं होऊ शकतं. डॉक्टरकडे जाऊन सांगायचं, की या औषधाने हा परिणाम होतोय, पर्याय काय? डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, बुप्रोपियॉनसारखी काही औषधं या बाबतीत कमी त्रासदायक असतात. ते त्याच्यासाठी योग्य की नाही हे त्याचे डॉक्टर ठरवतील. त्याच भेटीत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे तिथला बिघाड कधीकधी हृदयविकाराच्या आधी दिसतो. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार लवकर येतात, म्हणून सगळं खापर औषधावर फोडून या तपासण्या टाळू नका.

आणि त्या पुड्या. सासूबाईंचा हेतू चांगला असेल, पण त्या डब्यातून बाहेर जायला हव्यात, आजच. 'ताकदीच्या' नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्ण-गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, न सांगता मिसळलेलं असतं, असे इशारे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पुन्हा पुन्हा दिले आहेत. तुझा नवरा रात्री प्राझोसिन घेतो, ते रक्तदाब उतरवतं. त्यावर न कळत सिल्डेनाफिल पोटात गेलं तर रक्तदाब धाडकन खाली येऊन माणूस बाथरूममध्ये कोसळू शकतो. डॉक्टरांनी हीच गोळी दिली तरी प्राझोसिन चालू असल्याचं त्यांना आठवणीने सांगायचं. म्हणजे ते डोस आणि वेळा सांभाळून देतील.

मुलाबद्दल. आशा सोडण्यासारखं तू जे सांगितलंस त्यात मला काही दिसत नाही. ताठरता नाही याचा अर्थ बीज नाही, असा होत नाही. त्याच्या वीर्याची साधी तपासणी आणि तुझ्या बीजकोशाच्या चाचण्या, दोन्ही लगेच करा. ३६ व्या वर्षी सहा महिने हेही महिने असतात. क्लेमच्या निकालाची वाट बघत हे थांबवू नका. बीज चांगलं असेल तर गर्भाशयात वीर्य सोडण्याचा सोपा उपाय अनेकदा पुरतो, आयव्हीएफपर्यंत जावंच लागतं असं नाही. पण जावं लागलं तर सेवेशी नातं मान्य झालेल्या दुखण्यामुळे मूल होत नसेल अशा माजी सैनिकाला आणि त्याच्या जोडीदाराला व्हीए २०१६ पासून आयव्हीएफ देते. पुरुषांच्या बाबतीत नियमात स्पष्ट म्हटलंय, की वीर्य बीजापर्यंत पोहोचू न देणारं सेवेतलं दुखणं यात बसतं. खासगीत एका खेपेला हजारो डॉलर लागतात. त्याला 'शून्य टक्क्यांसाठी कशाला' वाटतंय ना, त्याला हा हिशेब सांग. १३६ डॉलरसाठी तो तयार होणार नाही, पण या कारणासाठी होईल असं मला तुझं पत्र वाचून वाटतं.

मग सुरुवात कुठून? 'इंटेंट टू फाइल'पासून. मी क्लेम करणार आहे, एवढंच कळवणारी ती सूचना. त्यात आजाराचं नाव लिहावं लागत नाही. व्हीएच्या १-८००-८२७-१००० या नंबरवर फोन करून किंवा २१-०९६६ फॉर्मने ती देता येते. त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत पूर्ण अर्ज, म्हणजे २१-५२६ईझेड, गेला आणि मंजूर झाला की पैसे साधारणपणे त्या पहिल्या तारखेपासून धरतात. त्याला म्हण, "आज फक्त एवढंच कर, बाकी ठरवायला आपल्याकडे वर्ष आहे." त्यात त्याची अब्रू कुठे जात नाही, आणि दार उघडं राहतं. नाही म्हणाला तर चार-आठ दिवस थांब. डॉक्टरकडे मात्र जायलाच हवं, त्यात सूट देऊ नकोस.

अर्ज भरायला डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन अशा माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. टेक्सासमध्ये काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, अधिकारीही असतात. बाहेर काही कंपन्या 'रेटिंग वाढवून देतो' म्हणत पुढच्या वाढीचे पाच-सहा महिन्यांचे पैसे मागतात. त्यांच्या नादी लागू नका. पहिल्या अर्जासाठी फी घ्यायला कायद्याने कुणालाच परवानगी नाही, मान्यताप्राप्त वकिलालासुद्धा नाही. प्रतिनिधी निवडताना त्याने आपल्या युनिटच्या ओळखीबाहेरचा माणूस घेतला तर बोलणं सोपं जाईल.

टपालाची तुझी काळजी रास्त आहे. निकालाच्या जाड पाकिटात आजाराचं नाव, कारणं, सगळं सविस्तर असतं, आणि सासूबाईंना इंग्रजी वाचता येवो न येवो, नातेवाईकांपैकी कुणीतरी वाचून दाखवणारं निघतं. व्हीएकडचा टपालाचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. पोस्ट ऑफिसात एक बॉक्स भाड्याने घ्या आणि तो पत्ता अर्जाच्या आधी द्या. नोकरी, घरकर्ज किंवा मालमत्ताकराच्या सवलतीसाठी जे पत्र दाखवावं लागतं ते वेगळं. त्या 'बेनिफिट समरी' पत्रात एकूण टक्के येतात, आजारांची नावं येत नाहीत. त्याच्या कंपनीला यातलं काही कळवलं जात नाही.

सासूबाईंना काय सांगायचं? आजाराचं नाव सांगायची गरज नाही, आणि दोष तुझ्यात आहे हे निमूटपणे ऐकून घ्यायचीही नाही. "आम्ही दोघं डॉक्टरकडे जातोय, औषधं तिथली चालू आहेत, बाहेरचं काही चालणार नाही." हे तू बोलू नकोस, त्याने बोलायचं. आईशी त्याने हे एक वाक्य बोलणं, ही या घडीला तुझ्यासाठी त्याने करण्यासारखी मोठी गोष्ट आहे. तसं त्याला सांग. उपयोग नाही म्हणतो ना, हा घे उपयोग.

निकाल आला की दोघांनी शेजारी बसून पूर्ण वाचा, नुसता टक्क्यांचा आकडा बघून ठेवून देऊ नका. ७५२२ कोडखाली शून्य टक्के दिसले आणि एसएमसी-केचा उल्लेख कुठेच नसला, तर ती चूक धरून 'हायर लेव्हल रिव्ह्यू' मागायचा. त्यात नवा पुरावा देता येत नाही, वरिष्ठ अधिकारी तीच फाइल पुन्हा बघतो. अर्जच फेटाळला आणि कारण 'औषधाशी संबंध सिद्ध होत नाही' असं दिलं, तर डॉक्टरकडून वर सांगितलं तसं पत्र घेऊन 'सप्लिमेंटल क्लेम' करायचा. दोन्हींसाठी निकालाच्या पत्रावरच्या तारखेपासून एक वर्ष मोजायचं. त्या आत केलं तर पहिली तारीख हातची जात नाही. ती तारीख कॅलेंडरवर टाकून ठेव.